पेंढ्याच्या खोलीचं दार

१९४९ साल. मी सात वर्षांचा होतो आणि बिगरीत माझं ते दुसरं वर्ष चाललं होतं.

हे आधीच सांगून टाकतो. बिगरी म्हणजे पहिलीच्याही खालची इयत्ता. अक्षर म्हणजे काय ते पोराला पहिल्यांदा जिथं दाखवतात, ती. माझी तीसुद्धा पुरी झालेली नाही. हे सगळं मी माझ्या हातानं लिहितोय, सावकाश. नात म्हणाली, आजोबा, मी शुद्ध करून देते. मी वही दिली नाही. चुका असतील त्या माझ्या आहेत.

गेल्या महिन्यात आमच्या मोरिवलीच्या शाळेत नव्या लाद्या बसवल्या. जुनं सामान बाहेर काढून भंगारवाल्यासाठी भिंतीला लावून ठेवलं होतं. त्यात तो ठेंगणा, लांबट फळा दिसला. रिक्षावाला म्हणाला, "बाबा, इसको कहाँ बिठाऊँ?" म्हटलं, मी मांडीवर घेतो. आता तो माझ्या खाटेसमोर उभा आहे. काळा रंग उडालाय, खालून ऐनाचं लाकूड दिसतं. एका कडेला बिजागऱ्यांच्या खाचा, दुसऱ्या कडेला दोन भोकं. सून विचारते, फळ्याला भोकं कशाला? मी म्हणतो, तो आधी दार होता.

रात्री कारखान्यांचा वास गावावर उतरतो. आता मोरिवली म्हणजे कारखान्यांच्या मधे अडकलेली चार घरं. पण या लाकडाला नाक लावलं की मला दुसराच वास येतो. नव्या पेंढ्याचा. भात झोडून झालं की पेंढा आणून भरायचे, त्याचा गोडूस, धुळकट, नाकात हुळहुळणारा वास. त्यात उंदरांचा वास आणि त्यात गुळाचा.

शाळा एका खोलीची. मास्तर एकच. शाळेमागं गावच्या पाटलांची पेंढ्याची खोली, तिच्या बाजूला मास्तरांचं बिऱ्हाड. खोलीत वरच्या इयत्ता बसायच्या आणि आम्ही बिगरीची पोरं बाहेर ओसरीवर. मास्तर सकाळी प्रत्येकाच्या पाटीवर एक अक्षर काढून द्यायचे, ते दिवसभर गिरवायचं. पेन्सिल झिजेपर्यंत. ते अक्षर कशाचं, त्याला काय म्हणायचं, हे सांगायला चौथीतला एक पोरगा निरगुडीची शिमटी घेऊन यायचा. त्यालाही नीट ठाऊक नसायचं. मी अक्षर खालून वर काढायचो. माझा हात तसाच चालायचा, झाड जसं वर जातं तसा. मास्तर पाटी बघायचे, थुंकी लावून पुसायचे आणि आत बघून म्हणायचे, "ह्याच्या डोक्यात पेंढा भरलाय." आतली सगळी शाळा हसायची. त्या हसण्याचा आवाज अजून मला ओळखू येतो. कुठल्याही लग्नात, कुठल्याही मांडवात, चाळीस माणसं एकदम हसली की मी मागं वळून बघतो.

वर्षातून एकदा शाळा तपासायला दिपोटी साहेब यायचे. त्याच्या आदल्या दिवशी शाळा शेणानं सारवायची, फुलांच्या माळा करायच्या, नकाशे झटकायचे. आणि साहेबांची बैलगाडी स्टेशनावरून निघाल्याची वर्दी आली की मास्तर ओसरीवर येऊन बोटानं पोरं निवडायचे. तू. तू. आणि तू. ज्यांना उभं केलं तर शाळेची लाज जाईल, ती पोरं. त्यांना मागच्या पेंढ्याच्या खोलीत नेऊन बसवायचे आणि हजेरीत लिहायचे, गैरहजर, ताप. गावात कुणाला यात वावगं वाटत नव्हतं. पाहुणे येणार म्हणून फाटकी गोधडी आत सारतात, तसंच हे.

दोन्ही वर्षं मी निवडला गेलो. आत गेल्यावर मास्तर प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. "चोखत बसा. आवाज केलात तर बघा." मग दार. मग कडी. खट्.

दाराच्या फळ्यांमधून उन्हाची एक रेघ आत यायची आणि पेंढ्यावरून सरकत जायची. पलीकडून पाढे ऐकू यायचे, मग स्वागताचं गाणं, मग साहेबांचा जाड आवाज. दुसऱ्या वर्षी ती रेघ भिंतीपर्यंत पोचली तरी कडी निघेना. मला लघवीला लागली होती. मी धरली, धरली, आणि मग नाही धरता आली. साहेब जेवून गेल्यावर मास्तरांनी दार उघडलं, माझ्या चड्डीकडे पाहिलं आणि नाकाला धोतराचा सोगा लावला.  मुठीत गूळ विरघळून बोटं चिकटली होती.

त्यानंतर मी शाळेत गेलो नाही. माझी आयस म्हणाली, "नाय जायाचं तं गुरांमागं जा." मी गुरांमागं गेलो. आणि गूळ सोडला. आजपर्यंत पुरणपोळी नाही, लाडू नाही, संक्रांतीचा तिळगूळ नाही. लोकांना वाटतं मला साखरेचं दुखणं आहे.

पंधरा वर्षांचा झालो तेव्हा अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात लागलो. वय अठरा सांगितलं. तिथं सावरीच्या लाकडाच्या काड्या पडायच्या, पांढऱ्या, हलक्या, तांदळासारख्या. यंत्राच्या तोंडाशी त्यांचा सर् सर् आवाज यायचा, पाऊस पेंढ्यावर पडावा तसा. मेणाचा वास कपड्यांतून जात नसे. वाकड्या, मोडक्या काड्या बाजूला पडत, त्या बंबात जाळायला नेत.

कामगारांच्या चाळीमागं पत्र्याची एक शेड होती. तिथं एक बाई लहान पोरांचा वर्ग घ्यायच्या. गिरणगावात वाढलेल्या, नवरा नव्हता, कुठंतरी समुद्राकाठच्या संस्थेत वर्षभर राहून लहान पोरांना कसं शिकवायचं ते शिकून आलेल्या. असलंही शिकावं लागतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मास्तर म्हणजे ज्याला येतं तो, एवढंच मला ठाऊक होतं. बाईंनी मुकादमाला विचारून ठेवलं होतं, बंबात घालता त्यातल्या पोतंभर काड्या मला द्या, बिनगुलाच्या. पोतं पोचवायचं काम माझ्याकडं आलं.

पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून बघत बसलो. एक पोरगी एका लोट्यातलं पाणी दुसऱ्या लोट्यात ओतत होती. दोघं चिंचोके आणि गुंजा वेगळ्या करत होते. एक जण नुसता झोपला होता. मी म्हटलं, "बाई, शिकवायचं कधी? ही तर खेळतायत."

"तू कारखान्यात काय करतोस?"

"चांगल्या काड्या इकडं, मोडक्या तिकडं."

"तो बघ," चिंचोकेवाल्याकडं बोट करून बाई म्हणाल्या, "तोही तेच करतोय. तुला पगार मिळतो म्हणून ते काम, होय?"

मला राग आला. मी पोतं खाली आपटलं. मग त्या म्हणाल्या, "पोत्यावर तुझं नाव घाल कोळशानं. म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही."

मी कोळसा हातात घेतला. पोत्याकडं बघितलं. म्हटलं, "माझं नाव मोठं आहे बाई. एवढ्याशा पोत्यावर मावायचं नाही."

त्या हसल्या नाहीत. खाली बसल्या, मूठभर काड्या घेतल्या आणि शेणाच्या जमिनीवर काहीतरी मांडत गेल्या. सरळ रेघेला आख्खी काडी. वळण आलं की काडी मध्ये मोडायची, पण तुकडे सुटू द्यायचे नाहीत, मोडलेल्या जागी वाकवायची. मोडकी काडीच वळते, आख्खी वळत नाही. मांडून झाल्यावर म्हणाल्या, "मावलं की. हे तू." आणि पाणी ओतणाऱ्या पोरीकडं निघून गेल्या.

मी तिथं किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, पुन्हा कामाचा भोंगा झाला.

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये जायचो. तीन वर्षांच्या, चार वर्षांच्या पोरांत मी, ओठावर लव फुटलेला. पोरं मला काडीमामा म्हणायची. अक्षर खालून वर काढलं तरी बाई काही म्हणायच्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "वरून उतरून बघ, सोपं जातं." बघितलं. सोपं गेलं. एवढं एक वाक्य मला शाळेच्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यातल्या धोंड्यांना लाथा मारत गेलो. आनंदानं नाही. मास्तरांचं तोंड प्रत्येक धोंड्यावर दिसत होतं.

आणि घरी बारकी होती. माझी धाकटी बहीण. सहा वर्षांची, त्याच शाळेत, त्याच ओसरीवर, त्याच मास्तरांकडं, बिगरीत. १९५७ चा पावसाळा संपला होता. ती संध्याकाळी पाटी घेऊन माझ्याजवळ बसायची आणि तेच अक्षर गिरवत राहायची. एकदा म्हणाली, "दादूस, माज्या डोक्यान काय हाय?"

"का गो?"

"मास्तर बोल्ले पेंडा हाय. मंग तो कानातून का नाय येत?"

त्या संध्याकाळी मी ठरवलं. एका वर्षी तिला वाचवून भागणार नव्हतं. दिपोटी दरवर्षी यायचे, संक्रांतीच्या आसपास. बारकीला त्या खोलीत जाऊ द्यायचं, आणि तिथूनच बाहेर काढायचं, साहेबांच्या समोर.

बाईंना मी फक्त एवढंच म्हटलं, की गावात चार-पाच पोरं मागं पडलीत. त्या दर रविवारी चालत मोरिवलीला येऊ लागल्या. चिंचेखाली बसायच्या. काड्या ठेवायला पत्र्याचे डबे हवे होते. निर्वासितांच्या कँपातल्या एका सिंधी दुकानदारानं बिस्किटांचे रिकामे पाच डबे दिले. "बच्चों के लिए है? तो ले जा, साईं." बारकीच्या डब्यावर मोराचं चित्र होतं. बायका म्हणायच्या, आली काड्यावाली बाई. पोरं धावत यायची. चिंचेच्या पाल्याचा आंबट वास, काड्यांचा खुळखुळ आवाज, आणि बाईंचा तो हळू, कधीच न चढणारा स्वर. दिवाळी सरेतो पाचही पोरं आपापलं नाव मांडायला लागली.

मग बाईंना माझा बेत कुणीतरी सांगितला. बारकीनंच असणार. बाई म्हणाल्या, "मी मास्तरांशी बोलते. तूही चल. त्यांनाही कुणी शिकवलेलं नाही रे."

"बोलून नाय होणार."

"मुलांना तुझ्या भांडणात ओढू नकोस."

"त्यांना मी नाय ओढलं. मास्तरांनी ओढलंय, कडी लावून."

बाई डब्यांची झाकणं लावून निघून गेल्या. त्या बरोबर होत्या हे मला दिपोटी आले त्या दिवशी कळायचं होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दिपोटी आले. मी कामावर खाडा केला आणि कुंपणाआड बसलो. मास्तर ओसरीवर आले. बोट फिरलं. तू, तू, तू. पाच पोरं. बारकी शेवटची. त्यांचे डबे मी सकाळीच पेंढ्यात खुपसून ठेवले होते. मास्तरांनी गूळ दिला, दार लावलं, कडी घातली. खट्. नऊ वर्षांनी तोच आवाज.

पाढे झाले. गाणं झालं. साहेब खुर्चीत बसले. मी कडी काढली, पोरांना रांगेत घेतलं आणि सरळ शाळेच्या दारातून आत नेलं. पोरांच्या केसांत पेंढा होता.

मास्तर उभेच राहिले. साहेब म्हणाले, "ही कोण?"

"तुमच्या हजेरीतली," मी म्हटलं. "बिगरीची."

साहेबांनी हजेरीपट ओढून घेतला, बोट फिरवलं. बारकीजवळ येऊन तिच्या कपाळावर हात ठेवला. "हिला ताप आहे असं लिहिलंय."

"ताप नाय," बारकी म्हणाली. "पेंडा खाजतंय."

कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "साहेब, यांना येत नाही म्हणून यांना कोंडतात. यांना येतं. बघा. मांडा गो, मांडा रे."

पोरं बसली. डबे उघडले. आणि कुणाचाच हात हलेना. चाळीस पोरं वरून बघत होती, साहेब बघत होते, मास्तर बघत होते. बारकीनं एक काडी हातात घेतली आणि ती तशीच धरून बसली.  मास्तर हळूच म्हणाले, "मी सांगतो साहेब, या पोरांच्या डोक्यात..."

मला तेव्हा समोर मीच दिसलो. ओल्या चड्डीतला. मास्तरांनी मला जिथं नेलं होतं तिथं मी माझ्या बहिणीला माझ्या हातानं आणून बसवलं होतं. माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू, मास्तरांवर. मग मी खाली बसलो. सोळा वर्षांचा घोडा, बिगरीच्या ओळीत. बारकीच्या डब्यातल्या काड्या घेतल्या आणि सगळ्यांदेखत माझं नाव मांडायला लागलो. गावात कुणाला ठाऊक नव्हतं की मला तेवढंसुद्धा इतकी वर्षं येत नव्हतं. आता सगळ्यांना कळलं. वळणावर काडी मोडली, त्याचा बारीक आवाज झाला. वर बघितलं नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत आलो तेव्हा शेजारी दुसरी काडी मोडल्याचा आवाज आला. मग तिसरी.

बारकीनं तिचं नाव मांडलं. घरातलं नाही, पाळण्यातलं, पूर्ण. पाच नावं जमिनीवर उमटली, माझं धरून सहा. साहेब ती चुकवत, धोतर उचलून, कडेकडेनं चालत बाहेर गेले. पाय लागू दिला नाही.

ओसरीवर साहेब म्हणाले, "या मास्तरांची बदली करतो मी. आजच लिहितो."

मास्तरांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मी म्हटलं, "बदली नको, साहेब."

गावातली माणसं, पोरंसोरं जमली होती. अजून सांगतात, पोरानं केवढं मन मोठं केलं. मन मोठं बिठं काही नव्हतं. मी म्हटलं, "बदली केलीत तर हे दुसऱ्या गावची पोरं कोंडतील. इथंच ठेवा. आणि दर शनिवारी दुपारी बाईंच्या शेडमध्ये पाठवा. पोरांच्या ओळीत, जमिनीवर बसून शिकू द्या."

मला त्यांना जमिनीवर बघायचं होतं. बस्स.

साहेबांनी तसा हुकूम काढला. आणि मी बघितलं. शनिवारी माझी पाळी सुटली की मी पत्र्याच्या भोकातून बघत उभा राहायचो. मास्तरांचे गुडघे मांडी घालताना वाजायचे. पहिल्या दिवशी बाईंनी त्यांच्यापुढं चिंचोके आणि गुंजा ठेवल्या. "आधी निवडा, मास्तर." त्यांनी निवडल्या. चार वर्षांच्या एका पोरानं त्यांची चूक काढली. माझ्या जिभेवर ते सगळं मधासारखं लागलं. मी दर शनिवारी जात राहिलो.

मग कधीतरी पावसाळ्यात, पत्र्यावर धो धो चाललेलं, आत बघितलं तर एक पोरगी मास्तरांच्या मांडीवर चढून बसली होती. मास्तर तिचा हात धरत नव्हते. ती चुकत होती आणि ते बघत होते, वाट बघत होते. मग हळूच म्हणाले, "वरून उतरून बघ, सोपं जातं."

त्या शनिवारनंतर मी गेलो नाही.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा आख्खं गाव रडलं. ओसरीवर पोरं त्यांना सोडेनात. नव्या लाद्यांच्या दिवशी त्यांच्या फोटोला हार घातला, मोठमोठी माणसं बोलली, कुणी वकील, कुणी कारखानदार. आम्हाला पहिलं अक्षर त्यांनी दिलं, किती प्रेमानं दिलं. मला म्हणाले, आजोबा, तुम्हीही त्यांचे विद्यार्थी, दोन शब्द बोला. मी उभा राहिलो. म्हटलं, "मास्तर चांगले होते. अठ्ठावन्न सालानंतर." आणि बसलो. सून घरी येईतो बोलली नाही.

बोलेना का. तुम्हाला जो मास्तर मिळाला, तो मला मिळाला नाही. मला मिळाला तो आधीचा. तुमचा मास्तर माझ्या शेजारी माझ्या डोळ्यांदेखत घडत होता आणि माझं सातवं वर्ष कुणी परत आणून देणार नव्हतं. बारकी पुढं सातवी झाली, पोरांची बाई झाली, तिच्या बाईंसारखीच हळू बोलायची. ती मला म्हणायची, "दादूस, आता तरी सोड." मी म्हणायचो, तुला सोडायला काय जातंय, तू एकाच वर्षी आत गेलीस.

हा फळा बघितला की मला ती सकाळ आठवते. दिपोटी गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

संक्रांत होती. गावातली पोरं नवे कपडे घालून मास्तरांच्या बिऱ्हाडी तिळगूळ द्यायला-घ्यायला निघाली होती. सगळीकडं भाजल्या तिळाचा खमंग वास. मी हातोडी आणि छिन्नी घेऊन निघालो. पाटलांना आदल्या संध्याकाळीच सांगून आलो होतो. ते नुसते हूं म्हणाले होते. मी पेंढ्याच्या खोलीच्या बिजागऱ्यांचे खिळे एकेक करून उपटायला लागलो. आवाज ऐकून मास्तर बाहेर आले.  मग आत जाऊन परत आले, पुढं झाले आणि तळहात समोर धरला. त्यावर तिळाचा लाडू होता. 

"घे रे," ते म्हणाले. "सणाचं आहे."

"हात गुंतलेत, मास्तर."

ते तसेच उभे राहिले. मी वरची बिजागरी काढली, मग खालची. कडी उपटून खिशात टाकली. दार माझ्या अंगावर आलं, ते पाठीवर घेतलं आणि शाळेला वळसा घालून ओसरीवर नेलं. बिगरीची पोरं जिथं बसायची तिथं ते भिंतीला आडवं टेकवलं आणि बसलेल्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर खिळे मारून पक्कं केलं. मास्तर मागं मागं आले होते. लाडू अजून हातात होता.

मी म्हटलं, "आता याच्यावर रोज लिहा," आणि कामाला गेलो.